थर पाठ करून जंगल कळत नाही

विषुववृत्तीय वर्षावनाचे चार थर मुलं घडाघडा म्हणतात. सर्वांत उंच झाडं, त्याखाली छत, मग छोटी झाडं-झुडपं आणि शेवटी जमीन. आकृतीही सुरेख काढतात. पण 'अशा जंगलातली माती कशी असेल?' असं विचारून बघा. उत्तर ठरलेलं, 'एकदम सुपीक!'

आपलं शिकवणं कमी पडतं ते इथेच, असं मला वाटतं.

ॲमेझॉनच्या बऱ्याच भागात माती चक्क निकस आहे. वर्षाला २००० मिमीच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, त्यात मातीतले क्षार धुऊन जातात. मग ५० मीटर उंच झाड जगतं कशावर? पडलेल्या पाल्यावर! ऊब आणि ओल असल्याने बुरशी, वाळवी तो पाला भराभर कुजवतात. (वाळवी म्हणजे नुसतं नुकसान, हे फक्त आपल्या घरातलं खरं.) वरच्या वर पसरलेली मुळं त्यातलं अन्न लगेच ओढून घेतात. अन्नसाठा मातीत थोडा, झाडांतच जास्त.

थर पडतात ते उन्हासाठीच्या चढाओढीमुळे. जमिनीपर्यंत जेमतेम १-२ टक्के ऊन पोहोचतं. खालची रोपं वर्षानुवर्षं खुजी राहतात, एखादं मोठं झाड कोसळलं की सरसर वाढतात.

एवढं कळलं, तर जंगल जाळून केलेली शेती दोन-तीन वर्षांतच का थकते, हे पाचवीतलं मूलही सांगेल. पालकांनो, घरी थरांची नावं नका विचारू. 'तिथला सगळा पाला गोळा करून नेला तर काय होईल?' एवढंच विचारा.