केंदाळ कोणाच्या खतावर पोसते?

टाकवे बुद्रुक हे अंदर मावळातले भाताचे गाव. जवळून इंद्रायणी वाहते. कपाशी-ज्वारीच्या आपल्या मुलखात दोन वर्षांत पडणार नाही एवढा पाऊस तिथे एका पावसाळ्यात पडतो. पाण्याचे असे सुख असलेल्या या पट्ट्यातही दर हिवाळ्यात पाण्याचेच दुखणे निघते. पूर ओसरला, धार मंदावली, की इंद्रायणीवर जलपर्णी चढू लागते. उन्हाळ्यापर्यंत देहू-आळंदीकडे बंधाऱ्यांमागे पाणी दिसेनासे होते. मग निविदा निघतात, यंत्रे उतरतात, बिले निघतात. उरलेली जलपर्णी पहिल्या पुराबरोबर खाली जाते आणि पुढच्या वर्षीच्या निविदेची सोय होते. नदीकाठच्या ज्या शेतकऱ्याने परड्यात तळे खणून चार मासे सोडले, त्याच्या तळ्यातही हीच पाहुणी येऊन बसते. त्याच्यासाठी निविदा निघत नाही.

मावळातले गवत मावळाला लखलाभ, असे म्हणून पान उलटू नका. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि कोरडवाहू शिवारातही तळी झाली. कपाशीला एक पाणी मिळावे म्हणून खणलेल्या तळ्यात पुष्कळांनी रोहू, कटला सोडले. जिथे साचलेले पाणी आणि शेणा-युरियाचा अंश, तिथे केंदाळाला आमंत्रण लागत नाही.

हिशोब करून पाहा. जलपर्णीचे एक रोप साधारण पंधरवड्यात दुप्पट होते. दहा रोपे धरली आणि आठ महिने कोणी हात लावला नाही, तर कागदावर ६,५५,३६० रोपे होतात. तळ्यात तेवढी जागा नसते म्हणून तेवढी होत नाहीत, एवढेच. आता पाण्याचे पाहू. पाण्यावर झाकण बसले, बाष्पीभवन वाचले, असे सांगणारे शहाणे गावोगाव भेटतात. जलपर्णीचे पान म्हणजे झाकण नव्हे, तो पंप आहे. मुळाने पाणी ओढायचे आणि पानातून हवेत सोडायचे. दाट वाढलेली जलपर्णी उघड्या पाण्यापेक्षा जास्त पाणी उडवते, हे अनेक ठिकाणी मोजून झाले आहे. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यावरून रोज नुसते २ मिलिमीटर जादा गेले, तरी १,८०० लिटर गेले. शंभर दिवसांत १,८०,००० लिटर. एका एकराला जवळजवळ साडेचार सेंटिमीटर पाणी होते हे. बोंडे भरताना जी एक पाळी मिळाली तर पीक हाती लागते, ती पाळीच या गवताने पिऊन टाकली.

मासे त्याआधीच जातात. ऊन पाण्यात उतरत नाही, माशांचे बारीक हिरवे खाद्य तयार होत नाही, पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मासे वर तोंड काढून धापा टाकू लागतात. गवत्या मासा सोडा म्हणजे तो सगळे खाईल, अशी समजूत आहे. तो टिकलीएवढ्या पानांची तरंगती वनस्पती खातो, पाण्यातले मऊ गवतही खातो. जलपर्णीचे जाड, फुगीर देठ त्याच्या कामाचे नाहीत.

औषध मारू का, हा पुढचा प्रश्न. टू-फोर-डीने जलपर्णी मरते, खरे आहे. पण मेलेली जलपर्णी पाण्यातच सडते, उरलासुरला प्राणवायू खाते आणि गवताबरोबर मासेही उलटे तरंगतात. शिवाय कापूसवाल्याने तरी या औषधाचे नाव घेऊ नये. वाऱ्यावर आलेला अंश किंवा नीट न धुतलेला पंप एवढ्यानेही कपाशीची पाने भेंडीसारखी चिरतात, पात्या गळतात. ज्वारीत तणनाशक मारलेला पंप दुसऱ्या दिवशी कपाशीत नेल्याचा परिणाम ज्याने पाहिला आहे, त्याला आम्ही जास्त सांगायला नको. १९८०च्या दशकात ही जलपर्णी खाणारे भुंगेरे परदेशातून बेंगळूरला आणून तिथल्या तलावांत सोडले गेले. काम झाले, पण त्याला वर्षे लागली. मोठ्या तलावाला ते ठीक. परड्यातल्या तळ्याला दोन हात आणि एक दोर पुरतो.

दोन काठांवर दोघांनी उभे राहावे, जाड दोर किंवा जुने जाळे पाण्यावर ताणून एका बाजूला ओढत आणावे, आणि तिथे गोळा झालेले उपसावे. दहा-वीस रोपे असतानाच, जांभळी फुले येण्याआधी. तळ्याला प्लास्टिक असेल तर लोखंडी दाताळे घालू नये. उपसलेली जलपर्णी काठावर ठेवली तर पावसाने पुन्हा आत जाते, म्हणून लांब टाकून वाळवावी. शंभर किलोत सुका पाला पाच-सात किलोच निघतो, त्यामुळे वाळल्याशिवाय वाहून नेणे म्हणजे गाडीने पाणी वाहणे. शेणाबरोबर थर लावले तर खत चांगले होते. मात्र कारखान्यांचे पाणी येणाऱ्या नदीतली जलपर्णी शिसे, क्रोमियम असले जड धातू मुळांत साठवते. ती गुरांना घालू नये, भाजीलाही खत म्हणून देऊ नये.

हे झाले आपल्या तळ्याचे. आपण आपल्या पाण्यात येणारा गोठ्याचा ओघळ बंद करू शकतो, शेताचे पहिले गढूळ पाणी खड्ड्यात थांबवून मग तळ्यात घेऊ शकतो. खुराक तुटला की वाढ मंदावते. पण नदीचा खुराक कोण तोडणार? इंद्रायणीला खत घालतो तो गावोगावचा आणि शहरांचा न शुद्ध केलेला मैला आणि कारखान्यांचे पाणी. ते चालू ठेवून वरचे गवत काढणे म्हणजे एका हाताने युरिया फेकायचा आणि दुसऱ्या हाताने निंदणीची मजुरी मोजायची. शेतकरी असला धंदा एक हंगाम करील, दुसऱ्या हंगामात नाही.

हा खेळ नवा नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही फुलवाली वनस्पती बंगालच्या नद्या-खाजणांत इतकी माजली की भातशेती आणि होड्या दोन्ही अडल्या. १९३६ साली तिथे जलपर्णीचा कायदा झाला आणि आपल्या जमिनीतली जलपर्णी नष्ट करण्याची जबाबदारी जमीन कसणाऱ्यावर टाकली गेली. १९३७ च्या निवडणुकीत तर बंगाल जलपर्णीमुक्त करण्याचे वचन मोठ्या पक्षांनी दिले होते. जलपर्णी आजही तिथे आहे. आपल्याकडे असा कायदा कोणी सुचवला तर पहिला प्रश्न विचारायचा: ज्याच्या सांडपाण्यावर ती पोसली, त्याचे नाव कायद्यात कुठे आहे? शेतकऱ्याच्या तळ्याची सफाई शेतकरी करील. नदीच्या सफाईचा खर्च ज्यांची गटारे नदीत उतरतात त्यांच्याकडून घ्यावा, आणि निविदा यंत्राआधी मैलाशुद्धीची निघावी. जिल्हा बैठकीत हा ठराव मांडावा, असे आमचे म्हणणे आहे.

तोवर एवढे सांभाळा. मत्स्यबीज आणले की पिशवीतले पाणी तळ्यात ओतू नका, जाळीतून पोरे घ्या आणि पाणी शेतात टाका. शोभेचे फूल म्हणून कोणी रोप दिले तर घेऊ नका. आणि जलपर्णी एकदा फुलून गेलेल्या तळ्याचा गाळ उन्हाळ्यात काढाल, तेव्हा तो कोरड्या शेतातच पसरा, दुसऱ्या तळ्याच्या बांधाला लावू नका. तिचे बी चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते.