पुठ्ठ्यावरची सीताबर्डी

या वीकेंडला मॉलमध्ये चकरा मारायचा बेत असेल, तर जरा थांबा. चार-पाच ए-फोर प्रिंटआउट, कात्री, फेव्हिकॉल, साप-शिडीतला फासा आणि घरात पडून राहिलेल्या लग्नपत्रिका गोळा करा. एवढ्या सामानात अख्खी लढाई लढता येते. पेट्रोल नको, पार्किंगची कटकट नको, पॉपकॉर्नचं बिल नको.

या प्रकाराचं नाव 'प्रिंट अँड प्ले वॉरगेम'. नकाशा, सोंगट्या आणि नियम आपणच छापायचे, कापायचे, चिकटवायचे आणि खेळायचे. तसा हा उद्योग जुनाच. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये असा खेळ अधिकाऱ्यांच्या सरावासाठी मांडला होता. १९५४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सनं 'टॅक्टिक्स' बाजारात आणला आणि तो सामान्य घरांतही पोचला.

नवशिक्यांनी सुरुवात करावी ती फ्रँक चॅडविकच्या 'बॅटल फॉर मॉस्को'पासून. १९८६ चा हा खेळ मुद्दाम नवख्यांसाठीच बनवलेला. नकाशा षटकोनी घरांचा, पाळ्या फक्त सात. हल्ला करणाऱ्याची ताकद आणि बचाव करणाऱ्याची ताकद यांचं प्रमाण काढायचं, फासा टाकायचा, तक्त्यात निकाल बघायचा. बस्स! मधल्या पाळ्यांत चिखल होतो आणि जर्मन रणगाडे रखडतात. विदर्भातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बाइक घातलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

मी तो पहिल्यांदा खेळलो आमच्या बोरगाव मेघेला. वर्धा शहराला खेटून असलेलं आमचं गाव. सणाला पुण्याहून घरी गेलं की तिसऱ्या दिवशी काय करायचं हा प्रश्न असतोच. सातवीतली भाची पार्टनर म्हणून मिळाली आणि दोन संध्याकाळी मॉस्को गाजलं. तिसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "मामा, आपल्याकडची लढाई नाही का यात?"

प्रश्न रास्त होता. आणि आपल्याकडची लढाई रेल्वेनं दीड तासावर होती. नागपूरची सीताबर्डी, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. तेव्हा वर्धा जिल्हाच नव्हता, तो झाला १८६२ मध्ये. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १८०३ च्या देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा त्यांचा प्रदेश गेला होता. १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी तैनाती फौजेचा करार केला आणि दीड वर्षात तो मोडून प्रकरण लढाईवर आलं.

मग आम्हीच खेळ बनवायला बसलो. नकाशा सोपा, एक मोठी टेकडी, एक धाकटी, भोवती मैदान. इंग्रजांकडे साधारण चौदाशे माणसं. आप्पासाहेबांकडे अठरा हजारांच्या आसपास फौज आणि छत्तीस तोफा. हे आकडे इंग्रजांच्या कागदांतून आलेले, हे लक्षात ठेवायचं. पण तेच धरून मांडणी केली, तर भोसले जिंकायलाच हवेत. आमच्या घरी तसंच झालं. भाचीनं तीनही डावांत इंग्रजांना टेकडीवरून खाली लोटलं आणि विचारलं, "मग खरे भोसले हरले कसे?"

खरी मजा इथून पुढे आहे. बेरजेनं उत्तर मिळेना, म्हणून नियम शोधावा लागला. प्रत्यक्षात टेकडीवर चढून भिडण्याचा मुख्य भार अरब पथकांनी उचलला. ती तीन-चार हजार माणसं. त्यांनी धाकटी टेकडी घेतलीही. पण कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळानं मैदानात मुसंडी मारली, धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि ती टेकडी इंग्रजांनी परत घेतली. स्वतः आप्पासाहेब मात्र आपल्या हुकमाशिवाय हल्ला झाला, असं नंतर सांगत राहिले.

आम्ही 'हुकूम' नावाचा नियम केला. भोसल्यांच्या खेळाडूनं दर पाळीला फासा टाकायचा, जेवढे ठिपके पडतील तेवढ्याच सोंगट्या हलवायच्या. सोंगट्या अठरा, आणि हलतात दोन! भाची वैतागली, पण डाव एकदम अटीतटीचे झाले. फौज असणं आणि ती वेळेवर कामाला लागणं, यांतला फरक तिला कळला. (ऑफिसात टीम मीटिंगला बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.) अर्थात हुकूम हे आमचं मत झालं. कोणी म्हणेल, स्फोट हेच खरं कारण. त्यानं तसा नियम करावा आणि खेळून बघावा. वॉरगेम बनवणं म्हणजे इतिहासाबद्दल आपलं मत फाशावर लावणं.

सोंगट्या रंगवताना दुसरा पेच आला. 'आपले' भगवे, 'इंग्रज' लाल, असं भाचीचं साधं गणित. पण आपल्या बाजूनं चढलेले बरेचसे अरब आणि लाल बाजूचे बहुतेक शिपाई मद्रास पलटणींतले. म्हणजे इंग्रजांच्या सोंगट्यांतही आपल्याच देशातली माणसं! शेवटी तिनं प्रत्येक सोंगटीवर पथकाचं नाव लिहिलं. पुस्तकातल्या एका परिच्छेदानं हे झालं नसतं.

आता आजी. नव्वदीतली, लहानपणी सेवाग्रामला बापूंना पाहिलेली. दोन दिवस तिनं आमचा खेळ पाहिला आणि मग म्हणाली, "काऊन रे पोट्ट्या, बापूच्या गावापाशी बसून लढाया खेळून रायला? मेले ते कुठी ठेवते तुम्ही?"

मेलेल्या सोंगट्या आम्ही नमकीनच्या रिकाम्या डब्यात टाकत होतो. आजीला मी आकडा सांगितला. त्या दोन दिवसांत इंग्रजांच्या बाजूचेच ३६७ मेले किंवा जखमी झाले, म्हणजे चौघांतला एक. ती काही बोलली नाही. भाचीनं मात्र डबा उचलून ठेवला आणि बाद सोंगट्या नकाशाच्या कडेला ओळीत मांडायला लागली. आता डाव संपतो तेव्हा जिंकणाऱ्यालाही ती ओळ बघावी लागते. खेळ त्यानं कमी झालेला नाही, उलट भाची हल्ला करण्याआधी जास्त विचार करते.

आणि आजीसाठी एक बातमी आहे. 'गांधी' नावाचाही एक खेळ २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जीएमटी कंपनीनं काढला. १९१७ ते १९४७ चा हिंदुस्थान, चार पक्ष, आणि त्यांत काँग्रेस अहिंसेच्या मार्गानंच खेळते. 'छोडो भारत'चा ठराव काँग्रेस कार्यसमितीनं जुलै १९४२ मध्ये आमच्या वर्ध्यातच केला होता. तो खेळ मोठा आणि अवघड आहे, नवशिक्यानं लगेच हात घालू नये. पण लढाईच्या खेळात न लढणाराही जिंकू शकतो, हे कोणाला तरी सुचलं, याचं आजीला समाधान वाटलं.

आता कामाच्या टिप्स. झेरॉक्सवाल्याला 'फिट टू पेज' नको, शंभर टक्क्यांवरच छाप, असं बजावून सांगा, नाहीतर सोंगट्या आणि घरं जुळत नाहीत. फेव्हिकॉलचा थर पातळ ठेवा, कागदाला सुरकुत्या पडतात. चिकटवल्यावर रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबा आणि सकाळी स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन कापा. लग्नपत्रिका जाड निवडा, श्रीमंत नातेवाइकांच्या उत्तम!

दोन डाव मॉस्कोचे खेळा. मग तुमच्या गावाजवळची लढाई शोधा, आणि नियम लिहिताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा.