वय आड येत नाही, जागा आड येते

पुणे-मिरज मार्गावरच्या किर्लोस्करवाडी स्थानकाचे जुने नाव कुंडल रोड. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर येथे उतरले तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली होती आणि समोर निवडुंगाने भरलेला माळ होता. औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तो माळ दिला, आणि लोखंडी नांगरांचा कारखाना त्यावर उभा राहिला.

लक्ष्मणरावांची ही पहिली नवी सुरुवात नव्हती. तरुणपणी ते चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते. तेथे त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नसल्याचे लक्षात आले. हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो, कारण त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. रंग सुटले, पण रेषा सुटली नाही. ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, त्याचे शिक्षक झाले आणि पुढे कारखानदार.

त्याच संस्थानात आणखी एक चित्रकार आला. श्रीपाद दामोदर सातवळेकर जे. जे.मध्ये शिकलेले, हैदराबाद आणि लाहोरला चित्रे व छायाचित्रे काढून त्यांनी नाव कमावले. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी औंधमध्ये स्वाध्याय मंडळ उभारले आणि वेदांच्या संपादनाला वाहून घेतले. 1948 मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, मंडळ गुजरातेत पारडीला हलवून त्यांनी पुन्हा मांडामांड केली. 1968 साली शंभरी गाठून ते गेले.

अशी उदाहरणे ऐकली की ‘ती माणसेच वेगळी’ असे म्हणून विषय मिटवला जातो. मेंदूविज्ञान मात्र तसे म्हणत नाही. तिशीनंतर मेंदूचा वेग हळूहळू कमी होतो, नावे पटकन आठवत नाहीत, हे खरे. पण शब्दसंपदा आणि अनुभवातून आलेली जाण साठीपर्यंत, कित्येकदा त्यापुढेही टिकते. सातवळेकरांचे संस्कृत तरुणपणापासूनचे होते. लक्ष्मणरावांचा हात रेषेवर आधीच बसला होता. नवे काम जुन्या शिदोरीवरच उभे राहते.

अमेरिकेत डेनिस पार्क यांच्या गटाने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 60 ते 90 वयाच्या लोकांना सुमारे तीन महिने डिजिटल छायाचित्रण किंवा रजई शिवणे शिकवले. त्यांची स्मरणशक्ती सुधारली. नुसत्या गप्पा, सहली आणि खेळांत रमलेल्या गटाला तेवढा फायदा झाला नाही. म्हणजे विरंगुळा चांगला, पण मेंदूला हवे असते ते थोडे अवघड, नियमित शिक्षण. याने स्मृतिभ्रंश टळतोच, असा दावा मात्र कोणी करू नये.

आज कारखान्यातून, शाळेतून अठ्ठावन्न-साठला निवृत्त झालेल्या माणसाला घरचेच सांगतात, ‘आता देवदेव करा, नातवंडे सांभाळा.’ बाईच्या बाबतीत तर निवृत्तीच नसते. तिचा वेळ कोणी मोकळा करून देत नाही. अशांना नुसती जिद्दीची भाषणे देऊन काय होणार? लक्ष्मणरावांकडे जिद्द होतीच, तरीही पंतांचा माळ लागला.

आजचा माळ फार मोठा नको. गावातल्या वाचनालयाची एक खोली, आयटीआयची संध्याकाळी रिकामी असणारी कार्यशाळा, शाळेतला संगणक कक्ष आठवड्यातून तीन दिवस मोठ्यांना मिळाला तरी पुरे. ग्रामपंचायती आणि साखर कारखान्यांना हे जमण्यासारखे आहे. सोबत डोळे आणि कान तपासून घ्यावेत. दिसत-ऐकत नसल्याने होणारी चूक पुष्कळदा वयाच्या नावावर खपते.

साठीतला माणूस शिकू शकतो का, याचे उत्तर मिळालेले आहे. त्याला बसायला जागा कोण देणार, हे गावाने ठरवायचे आहे.