घड्याळ न कळणारे रुग्ण

एचआयव्हीबाधितांना गोळ्या रोज, ठरल्या वेळी घ्याव्या लागतात. खाडे पडत गेले की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. नेमके हेच कारण पुढे करून २००१ मध्ये अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या मदतसंस्थेचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिऑस यांनी आफ्रिकेत ही औषधे मोठ्या प्रमाणावर देण्यास विरोध केला होता. आफ्रिकेतील अनेकांनी जन्मात घड्याळ पाहिलेले नाही, दुपारचा एक वाजला म्हणजे काय हे त्यांना कळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी मुंबईच्या ‘सिप्ला’ने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांना तेव्हा १० हजार डॉलरहून अधिक खर्च येई. औषध परवडत नाही, ही सबब त्यामुळे लंगडी झाली होती.

पाच वर्षांनी, २००६ मध्ये, अमेरिकी वैद्यक संघटनेच्या ‘जामा’ या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ७७ टक्के रुग्ण गोळ्या पुरेशा नियमितपणे घेत होते. उत्तर अमेरिकेत हे प्रमाण होते ५५ टक्के!

तोवर अमेरिकेचे धोरण बदलले होते. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी २००३ मध्ये ‘पेपफार’ ही एचआयव्हीविरोधी योजना सुरू केली आणि तिने लाखो जीव वाचवले, हे कोणीही नाकारत नाही. पण रुग्णांवरचा जुना अविश्वास आता तिथल्या सरकारांवर आला. पैशाचा मोठा वाटा स्वयंसेवी संस्था आणि कंत्राटदारांमार्फत जाऊ लागला. त्यांची नोंदवही वेगळी, औषधपुरवठ्याची साखळी वेगळी, पगारही सरकारी दवाखान्यापेक्षा बरे. साहजिकच अनुभवी परिचारिका तिकडे गेल्या. स्थानिक सरकारांनाही हे सोयीचेच होते. अर्थसंकल्पाचा १५ टक्के वाटा आरोग्यावर खर्च करू, असे वचन आफ्रिकी देशांनी २००१ मध्ये अबुजा येथे दिले होते. बहुतेकांनी ते पाळलेले नाही.

२० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली, तेव्हा या व्यवस्थेचे खरे स्वरूप उघडे पडले. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण बोलके आहे. तिथे सुमारे ८० लाख एचआयव्हीबाधित आहेत आणि त्यांची औषधे मुख्यतः सरकार स्वतःच्या पैशाने विकत घेते. एकूण एचआयव्ही खर्चात ‘पेपफार’चा वाटा होता जेमतेम १७ टक्के. म्हणजे हा देश मदतीवर फारसा अवलंबून नाही, असेच कोणीही म्हणाले असते. पण त्या १७ टक्क्यांतून प्रामुख्याने माणसांचे पगार होत होते: समुपदेशक, नोंदी ठेवणारे, गोळ्या सोडून दिलेल्या रुग्णाचे घर शोधत जाणारे. अशी सुमारे १५ हजार पदे त्या पैशावर उभी होती. गोळ्या फडताळात राहिल्या, पण त्या न्यायला कोण आले नाही, हे पाहणारे घरी बसले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि समलिंगी पुरुष यांच्यासाठीचे वेगळे दवाखाने बंद पडले. त्यांना सरकारी दवाखान्यात जा, असे सांगणे सोपे आहे; तिथली कुजबुज टाळण्यासाठीच तर ते वेगळे दवाखाने निघाले होते.

‘यूएसएड’ १ जुलै २०२५ रोजी गुंडाळली गेली. आता अमेरिका थेट सरकारांशी करार करत आहे. मधल्या संस्थांवर फार पैसा खर्च होतो, हा तिचा आक्षेप चुकीचा नव्हता. पण तो दूर करायला महिने द्यायचे की एक रात्र, हा प्रश्न रुग्णासाठी जिवाचा होता. पहिला करार डिसेंबर २०२५ मध्ये केनियाशी झाला. पाच वर्षांत अमेरिका १६० कोटी डॉलर देणार, केनिया स्वतःचा आरोग्यखर्च ८५ कोटी डॉलरने वाढवणार. त्याबरोबर नागरिकांची आरोग्यविषयक माहिती अमेरिकेला देण्याचा मुद्दा आला आणि तो न्यायालयात गेला. आठवडाभरातच नैरोबीच्या उच्च न्यायालयाने त्या भागाच्या अंमलबजावणीला तात्पुरती स्थगिती दिली. रुग्णांच्या नोंदी कोणाच्या मालकीच्या, हे आता तिथले न्यायाधीश ठरवणार आहेत.