लायपो वेगळं, टमी टक वेगळं : बरं व्हायला लागणारे दिवस

लग्नसराईच्या तोंडावर अडतीस वर्षांच्या एक ताई आमच्या भडगावच्या ओपीडीत आल्या. दोन सिझेरियन झालेली, पोट सैल पडलेलं, बेंबीखाली कातडीची घडी लोंबणारी. मुंबईला एका ठिकाणी टमी टक करायचं ठरलं होतं, आगाऊ रक्कमही भरून झाली होती. माझ्याकडून हवं होतं फक्त फिटनेस सर्टिफिकेट. मी विचारलं, "घरी आल्यावर विश्रांती किती दिवस घेणार?" उत्तर यजमानांनी दिलं. "डॉक्टरसाहेब, माझ्या बहिणीनं सुरतला पोटाचंच ऑपरेशन केलं. पाचव्या दिवशी ती बाजारात हिंडत होती. आमच्याकडे पंधराव्या दिवशी पुतणीचं लग्न आहे, तोवर हीसुद्धा ठणठणीत होईल."

बहिणीचं झालं होतं लायपोसक्शन. दोघींचं पोट, दोघींचं 'कॉस्मेटिक', पण दोन ऑपरेशनांत जमीन-अस्मानाचा फरक. हा घोळ मी वारंवार पाहतो, म्हणून आज सविस्तर लिहितो. मी प्लास्टिक सर्जन नाही, फिजिशियन आहे. ऑपरेशन मोठ्या शहरात होतं, पण बरं होणं इथे, आपल्या घरात होतं, आणि त्या दिवसांत पेशंट आमच्यासारख्यांकडेच येतो.

लायपोसक्शनमध्ये काही मिलिमीटरच्या छेदातून नळी घालून कातडीखालची चरबी ओढून काढतात. पहिले एक-दोन दिवस छेदांतून लालसर पाणी झिरपतं, ते पाहून घरचे घाबरतात. सूज आणि काळे-निळे डाग दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त असतात. बैठं काम तीन ते सात दिवसांत जमतं, डाग दोन-तीन आठवड्यांत जातात. घट्ट पट्टा चार ते सहा आठवडे वापरावा लागतो. खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात, त्यामुळे पंधराव्या दिवशी आरशापुढे उभं राहून "काहीच फरक नाही" म्हणण्यात अर्थ नाही. आणि हो, लायपो हा वजन कमी करण्याचा उपाय नाही. त्यानं साखर उतरत नाही, बीपीही नाही.

टमी टक ही मोठी शस्त्रक्रिया आहे. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद, जादा कातडी कापून काढलेली, बाळंतपणात फाकलेले पोटाचे स्नायू आतून शिवलेले. पहिला आठवडा-दहा दिवस माणूस कमरेत वाकून चालतो. झोपताना पाठीमागे उशा आणि गुडघ्याखाली लोड. पोटातून बाहेर काढलेली एक किंवा दोन नळ्या, त्यांना छोटा डबा. चोवीस तासांत साधारण २५-३० मिलिलीटरपेक्षा कमी पाणी येऊ लागलं की सर्जन नळी काढतात, त्याला कधी आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. खोकला, शिंक, हसणं, शौचाला जोर करणं, प्रत्येक वेळी टाके ओढल्यासारखे वाटतात. हलकं काम दोन-तीन आठवड्यांनी. सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही. व्रण फिका पडायला वर्ष-दीड वर्ष.

आता हे आपल्याकडच्या घरात बसवून पाहा. पाण्यानं भरलेली कळशी दहा-बारा किलोची, दोन वर्षांचं मूलही तेवढंच. कणकेचा मोठा गोळा तिंबताना, कापूस वेचताना, भारतीय बैठकीच्या संडासात बसताना-उठताना ताण पोटावरच येतो. शहरातल्या जाहिरातीत "दहा दिवसांत कामावर" लिहितात तेव्हा काम म्हणजे खुर्ची आणि कॉम्प्युटर. तुमचं काम काय, हे सर्जननं विचारलं नसेल तर तुम्ही आपणहून सांगा. वाकणं, उचलणं, मोटारसायकलवर खड्ड्यांतून जाणं, सगळं सांगा. त्यावर मिळालेला दिवसांचा आकडाच तुमच्या उपयोगाचा.

स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल बायका माझ्याशी दबक्या आवाजात बोलतात. यात नखरा नाही. जड स्तनांनी मान-खांदे दुखतात, ब्राचा पट्टा खांद्यात रुततो, उन्हाळ्यात घडीखाली चट्टे उठतात. ऑपरेशन मोठं असलं तरी दुखणं टमी टकपेक्षा बरंच कमी. एक-दोन आठवड्यांत हलकं काम जमतं, हात वर करून ओढण्या-उचलण्याचं काम चार ते सहा आठवडे बंद. मानेचा भार उतरल्याचं लवकर जाणवतं. मात्र स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते आणि पुढे अंगावर पाजण्यात अडचण येऊ शकते. मूल व्हायचं असेल तर हे आधी बोलून घ्या.

मुलांमध्ये छाती वाढण्याचा प्रकार, गायनेकोमास्टिया, यात त्रास सगळ्यात कमी. काही दिवसांत कॉलेज, तीन-चार आठवड्यांनी जिम, तोवर घट्ट बनियन. आत रक्त साकळून एका बाजूला अचानक सूज आली तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं. गिरणेत पोहायला गेल्यावर शर्ट न काढणारी पोरं मी ओळखतो, त्यांचं दुःख खोटं नाही. पण वयात येताना वाढलेली छाती बहुतेकांत वर्ष-दोन वर्षांत आपोआप उतरते, त्यामुळे चौदाव्या वर्षी ऑपरेशनची घाई नको. जिममधली इंजेक्शनं घेणाऱ्यानं आधी ती थांबवावीत.

आपल्या भागाच्या तीन गोष्टी वेगळ्या सांगतो. पहिली ऊन. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना चोवीस तास घट्ट पट्टा घालणं म्हणजे शिक्षा. घामोळं होतं, लोक पट्टा काढून ठेवतात, सूज रेंगाळते. तातडीचं काही नाही, तर दिवाळीनंतर करा. दुसरी तंबाखू. गुटखाच नव्हे, मशेरीसुद्धा. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी ताणून शिवलेल्या ठिकाणी रक्त पोहोचत नाही. कातडी काळी पडून सडलेली टमी टकची जखम भरायला महिने लागतात. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. "मशेरी तर फक्त दातांना लावते" हे ऐकून घेणार नाही. तिसरी सिकलसेल. खानदेशातल्या आदिवासी समाजात तो आढळतो, घरात कुणाला असेल तर ऑपरेशनआधी तपासणी हवीच.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट, पायातल्या शिरेत रक्ताची गाठ. या शस्त्रक्रियांत टमी टकनंतर तिची भीती जास्त, कारण माणूस कमी चालतो आणि पोट आवळलेलं असतं. त्यात मुंबईहून सात-आठ तास गाडीत पाय लोंबकळत बसून प्रवास. एकाच पोटरीला सूज, दुखरेपणा, पोटरी गरम लागणं ही खूण. गाठ फुप्फुसात गेली तर अचानक दम लागतो, छातीत कळ येते. अशा वेळी पोटरी चोळायची नाही, मेडिकलमधून गोळी आणून वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना. जळगावपर्यंतचा रस्ता तास-दीड तासाचा, तोही हिशेबात धरा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सर्जनला आधी सांगा.

म्हणूनच दोन-तीन ऑपरेशनं एका भुलीत उरकून रजा वाचवण्याच्या पॅकेजना माझा विरोध आहे. भुलीचा वेळ वाढतो, रक्तस्राव वाढतो, हालचाल आणखी कमी होते. गायक कान्ये वेस्ट याच्या आई डॉन्डा वेस्ट नोव्हेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियात अशाच एकत्रित शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी गेल्या. त्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. त्यानंतर २००९ मध्ये त्या राज्यानं कायदा केला की कॉस्मेटिक शस्त्रक्रियेआधी शारीरिक तपासणी झालीच पाहिजे. आपल्याकडे मे २०२२ मध्ये कन्नड अभिनेत्री चेतना राज बंगळूरूत चरबी कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. वय अवघं एकवीस. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सांगावं लागलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणं हे अशा प्रक्रियांसाठी पुरेसं प्रशिक्षण नव्हे. सर्जनची पदवी विचारायला लाजू नका.

प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात आपल्या पुण्याचं एक पान आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्याजवळच्या एका कारागिरानं, कुंभारानं असं सांगतात, कपाळाच्या कातडीनं पुन्हा बसवलं. १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकिगत छापून आली. पाच-सहा दिवस पाठीवर झोपवायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घालायच्या, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कातडीचा जोड कापायचा, असा दिवसांचा हिशेब त्यात दिला आहे. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी जो हिशेब मिळत होता, तो आजच्या गुळगुळीत जाहिरातीत सापडत नाही.

त्या ताईंना मी त्या दिवशी सर्टिफिकेट दिलं नाही. यजमान नाराज झाले, "एका सहीचं काम आहे" म्हणाले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४ निघालं, मशेरीही रोजची. पुतणीचं लग्न त्यांनी उभ्यानं, वाढप करत पार पाडलं. लोहाच्या गोळ्या चालल्या, मशेरी दोनदा सुटली, दोनदा परत धरली, तिसऱ्यांदा खरी सुटली. ऑपरेशन डिसेंबरात झालं. सासूबाईंनी सहा आठवडे स्वयंपाक हाती घेतला आणि पाणी भरायचं काम यजमानांकडे आलं. नवव्या दिवशी त्या दाखवायला आल्या, कमरेत वाकलेल्या, हातात नळीचा डबा, आणि रोज किती पाणी आलं ते मुलाच्या जुन्या वहीत तारीखवार लिहिलेलं. त्यांचा प्रश्न एकच होता, पाठ सरळ कधी होणार. मी म्हटलं, अजून चार-पाच दिवस, घाई करू नका. पोटऱ्या दोन्ही तपासल्या, मऊ होत्या.