पाण्याचे नाजूक बंध

पन्ह्याच्या पेल्यांत टाकलेला बर्फाचा खडा तरंगतो, ह्याचें आपणांस नवल वाटत नाहीं. वास्तविक वाटावयास हवें. बहुतेक पदार्थ थिजले म्हणजे आकसतात व स्वतःच्याच द्रवांत बुडतात. पातळ तुपांत थिजल्या तुपाचा गोळा सोडून पाहावा.

पाण्याच्या रेणूंतील हायड्रोजनच्या अंगीं किंचित् धनविद्युत् असते, ऑक्सिजनच्या अंगीं ऋण. त्यामुळें एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. ह्या ओढीस हायड्रोजन-बंध म्हणतात. रेणूच्या आंतील बंधाच्या मानानें त्याचें बळ सुमारें विसावा हिस्सा. बर्फांत प्रत्येक रेणु असे चार शेजारी धरून बसतो; मध्यें पोकळ्या राहतात, आणि म्हणून गोठतांना पाणी शेंकडा ९ नें फुगतें. बर्फ वितळला कीं सारे बंध तुटतात, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. बहुतेक बंध राहतात, पण जोड्या सारख्या बदलत असतात. वाफेंत मात्र रेणु जवळजवळ सुटे होतात. ह्या ताटातुटीस उष्णता फार लागते : गार पाण्यास आधण आणण्यापेक्षां तें सगळें आटवावयास पांचपटींहून अधिक!

हें सांगण्यास कारण घडलें आहे. ‘संरचित पाणी’ देणारीं यंत्रें हल्लीं गृहस्थांच्या गळ्यांत बांधलीं जातात. त्यांत रेणूंची षट्कोनी मांडणी होऊन पाणी आरोग्यदायक बनतें, असें विक्रेते सांगतात. पाण्यांतील एक हायड्रोजन-बंध टिकतो किती? सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतील एखाददुसऱ्या भागापुरता. यंत्रांतून पेल्यांत उतरेपर्यंत कोणती मांडणी शिल्लक राहणार? षट्कोनी मांडणी टिकवून धरणारें पाणी म्हणजे आपला नेहमींचा बर्फच, आणि त्यास इतके रुपये मोजावयास नकोत.

ह्या बाबतींत जाणतेही चकले आहेत. सोव्हिएत रशियांतील नामांकित शास्त्रज्ञ डेर्यागिन ह्यांनीं क्वार्ट्झच्या केसासारख्या बारीक नळ्यांत जमलेल्या एका दाट पाण्याचा अभ्यास केला. १९६९ सालीं अमेरिकेंत त्याचें ‘पॉलीवॉटर’ असें बारसें झालें, व दृढ बंधांनीं गुंफलेलें नवेंच पाणी सांपडलें म्हणून गाजावाजा झाला. कसून तपासतां निघालें काय, तर अशुद्ध द्रव्यें मिसळलेलें साधें पाणी! १९७३ सालीं डेर्यागिन ह्यांनीं स्वतःच तसें जाहीर करून आपला दावा मागें घेतला.