हुकमाच्या ताबेदारालाही जाब द्यावा लागेल

लष्करी राजवट कोसळली की जाब विचारला जातो तो दोन-चार सेनानींना. हाताखालचे अधिकारी ‘आम्ही हुकमाचे ताबेदार’ म्हणत अंग काढून घेतात. अर्जेंटिनातल्या आल्फ्रेदो आस्तीसच्या खटल्याने ही पळवाट बुजवली आणि ते योग्यच झालं. लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या मुलांचा ठावठिकाणा विचारत ब्यूनस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात फेऱ्या घालणाऱ्या आयांमध्ये नौदलाचा हा तरुण अधिकारी १९७७ मध्ये खोट्या नावाने शिरला. आपलाही भाऊ बेपत्ता आहे, असं त्याने सांगितलं आणि त्या बायकांनी त्याला आपलं मानलं. डिसेंबरात बेपत्तांची नावं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन छापण्यासाठी सांताक्रूझ चर्चमध्ये पैसे गोळा होत असताना तिथे धाड पडली. तीन दिवसांत बारा माणसं उचलली गेली. आयांच्या संघटनेच्या असुसेना व्हियाफ्लोर आणि दोन फ्रेंच जोगिणीही त्यांत होत्या. नौदलाच्या यांत्रिकी शाळेत त्यांचा छळ झाला, मग त्यांना विमानातून समुद्रात फेकलं गेलं. किनाऱ्याला लागलेले काही मृतदेह बेवारस म्हणून पुरले होते. २००५ मध्ये त्यांची ओळख पटली, तेव्हा हाडांवर उंचावरून पडल्याच्या खुणा होत्या.

हुकूम वरून आला असेलही. पण भाऊ हरवल्याचं सोंग वठवायला, रडणाऱ्या आईचा विश्वास कमवायला स्वतःची बुद्धी ओतावी लागते. १९८७ मध्ये लष्करी बंडाच्या दडपणाखाली झालेल्या कायद्याने अशा अधिकाऱ्यांनी केवळ आज्ञा पाळली असं गृहीतच धरलं, उलट पुरावा द्यायची सोयही ठेवली नाही. त्याच कायद्याने बलात्कार आणि मुलं पळवणं मात्र माफीतून वगळलं. म्हणजे काही हुकूम पाळायचेच नसतात, हे तो कायदा करणाऱ्यांनाही कळत होतं.

तेव्हा डाव्या गनिमांनीही रक्त सांडलं होतं, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण त्यासाठी न्यायालयं होती, आणि चर्चमध्ये पैसे मोजणाऱ्या बायका गनीम नव्हत्या. दुसरा आक्षेप आस्तीसच्या वयाचा. २०११ मध्ये त्याला जन्मठेप झाली तेव्हा गुन्ह्याला जवळपास ३४ वर्षं लोटली होती. हा उशीर पीडितांनी केलेला नाही. अशा माफीच्या कायद्यांनीच खटले अडवले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले तेव्हा कुठे वाट पूर्ण मोकळी झाली. तरीही २०२४ मध्ये तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचे काही खासदार आस्तीसला तुरुंगात भेटून आले. आपण कधीही माफी मागणार नाही, असं त्याने २०१७ मध्ये न्यायालयातच सांगितलं होतं. त्याच्या म्हातारपणाची कणव येणाऱ्यांनी आधी त्याचं हे म्हणणं वाचावं.